वायनरी विकली गेली, आता तीच शार्डोने मिळेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो. गेल्या वेळी येताना त्याने ॲडलेड हिल्समधल्या एका छोट्या वायनरीची, एकाच बागेतल्या द्राक्षांची २०२१ ची शार्डोने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, आणली. दोन बाटल्या. एक तुम्ही घोडबंदरच्या घरी लग्नाच्या वाढदिवसाला उघडली, भरलेल्या पापलेटाबरोबर. वास लिंबाचा, भाजलेल्या काजूचा, मध्येच काडेपेटीची काडी ओढल्यासारखा, आणि घोट गिळल्यावर कितीतरी वेळ तोंडाला पाणी सुटत राहिलं, असं तुम्ही लिहिलंय. दुसरी बाटली शिल्लक आहे. मध्यंतरी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, ती वायनरी एका मोठ्या कंपनीने घेतली. आता दुकानात २०२३ ची बाटली आहे, लेबल तेच, किंमत थोडी चढलेली. मुलगा विचारतोय सहा घेऊ का, आणि तुम्ही विचारताय की तीच वाइन मिळेल की नुसतं नाव उरलंय.

मी नाशिकला एका वायनरीच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनते-मुरते तिथे, पाच हंगाम काढले. मग वाशीला एका आयातदाराकडे आलेला माल चाखून पास-नापास करायचं काम केलं. गेली बारा वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या हॉटेलांच्या वाइन याद्या ठरवते. मालक बदललेल्या वायनऱ्यांच्या बाटल्या या काळात बऱ्याच हातांखालून गेल्या. त्यावरून सांगते, 'मालक बदलला का' या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं की तुम्हाला त्या वाइनमध्ये जे आवडलं त्यातलं बागेचं किती आणि माणसांचं किती, आणि त्यातलं कोण अजून जागेवर आहे. मालक या दोघांच्या मागे उभा असतो. त्याचा हात बाटलीपर्यंत पोचायला दोन-तीन वर्षं लागतात.

म्हणून आधी तारखा लावून पाहू. ऑस्ट्रेलियात ऋतू आपल्या उलट. ॲडलेड हिल्समध्ये शार्डोनेची तोड साधारण मार्चमध्ये होते, थंड वर्ष असेल तर एप्रिलपर्यंत लांबते. म्हणजे २०२३ च्या बाटलीतली द्राक्षं २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये तोडली. त्या वेलींची छाटणी त्याच्या आदल्या हिवाळ्यात, २०२२ च्या मध्यावर झाली. व्यवहार झाला ऑगस्टमध्ये. छाटणी कोणी केली, वेलीवर किती घड ठेवले, तोडीचा दिवस कोणी ठरवला, रस कसा काढला, आंबवणं कसं केलं, हे सगळं जुन्या माणसांचं. नवा मालक आला तेव्हा वाइन बॅरलमध्ये, म्हणजे लाकडी पिंपांत, बसलेली होती.

पण तिथून पुढचं काम त्याच्या हातात आलं. कोणती बॅरल या लेबलखाली जाणार, किती महिने ठेवायची, किती गाळायची, कधी भरायची. म्हणून २०२३ ला मी मधलं वर्ष म्हणते. द्राक्षं जुन्यांची, शेवटचे निर्णय नव्यांचे. जवळपास पूर्णपणे नव्या मालकाची म्हणावी अशी पहिली वाइन २०२४ ची.

या मधल्या वर्षात एक गोष्ट हमखास घडू शकते आणि तिच्यात कायद्याने काही गैर नसतं. समजा जुन्या वाइनमेकरकडे त्या बागेची चौदा बॅरल होती. तो सगळी चाखायचा, त्यातली उत्तम नऊ 'एकाच बागेची' म्हणून बाजूला काढायचा आणि उरलेली पाच वायनरीच्या साध्या, स्वस्त शार्डोनेमध्ये घालायचा. नवी कंपनी चौदाच्या चौदा एकत्र करून एकाच लेबलखाली भरू शकते. बाग तीच, वर्ष तेच, लेबलावर एक अक्षरही खोटं नाही. फक्त निवड गेली. ही वाइन वाईट नसते, पातळ असते. पहिल्या घोटाला ओळख पटते आणि दुसऱ्या घोटाला ती कुठेतरी संपून जाते. मी अशा दोन वाइन यादीतून काढल्या आहेत. दोन्ही वेळा कारण शोधायला गेले तेव्हा बाटल्यांची संख्या जवळपास दीडपट झालेली निघाली.

म्हणून संख्या विचारायची सवय ठेवा. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या पद्धतीचं बॅरल २२८ लिटरचं असतं, त्यातून जेमतेम तीनशे बाटल्या निघतात. एक टन द्राक्षांतून साडेसहाशे लिटरच्या आसपास वाइन मिळते, म्हणजे साडेआठशे बाटल्या. दोन हेक्टरची बाग हेक्टरी पाच टन देत असेल तर फार तर साडेआठ हजार बाटल्या. बाग रबराची नसते. आकडा अचानक वाढला तर एक तर निवड थांबली आहे, किंवा वेलींवर भार वाढवला आहे, किंवा बागेची व्याख्या सैल झाली आहे. अमेरिकेत लेबलावर बागेचं नाव घालायचं तर ९५ टक्के द्राक्षं त्याच बागेची लागतात. ऑस्ट्रेलियात ८५ टक्क्यांचा नियम आहे तो द्राक्षाची जात, वर्ष आणि प्रदेश यांच्यासाठी. त्यामुळे तुमच्या बाटलीवर 'सिंगल व्हिनयार्ड' हे शब्द अजून आहेत का, की नुसतं बागेसारखं वाटणारं नाव उरलंय, हे मागच्या लेबलावर नीट वाचायला मुलाला सांगा. बारीक अक्षरांतला तो मजकूर दर वर्षी नव्याने छापला जातो आणि बदल आधी तिथे दिसतो.

वाशीच्या बाजारात ज्यांनी आंबा घेतलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कोकणातली बाग तीच, झाडं तीच, पण एका वर्षी मालक स्वतः तोड करतो आणि पुढच्या वर्षी बाग कराराने व्यापाऱ्याकडे जाते. झाड काही रातोरात बदलत नाही. पण तोड आठ दिवस अलीकडे गेली, की पेटीतला आंबा बदलतो. अढी लावणारा हात बदलला, तरी बदलतो. तरीही ती बाग चांगली असेल तर घाईने तोडलेल्या फळातही तिची काहीतरी खूण राहतेच. वाइनचं असंच आहे, फरक इतकाच की तिथे घाई कळायला दोन वर्षं जातात.

आता शार्डोनेबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्या द्राक्षांना हे सारखं लागू होत नाही. शार्डोनेला स्वतःचा असा भडक वास नसतो. मस्कत जातीच्या द्राक्षाचा मणी तोंडात टाकला की गुलाबपाणी आठवतं. शार्डोनेचा मणी गोड-आंबट लागतो, बाकी फार बोलत नाही. म्हणूनच ती जमीन आणि हवा इतकी स्वच्छ दाखवते, आणि त्याच कारणाने बनवणाऱ्याचा हातही तितकाच उघडा पडतो. रीसलिंगसारख्या, स्वतःचा ठळक वास असलेल्या द्राक्षाच्या वायनरीचा मालक बदलला असता तर मी तुम्हाला इतकं सावध केलं नसतं.

थंड हवेचं महत्त्व मला नाशिकला कळलं. फेब्रुवारीत पहाटे पाचला आम्ही डोक्याला बॅटरी लावून तोडीला उभे राहायचो, कारण नऊनंतर मणी हाताला कोमट लागायचे. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी करून द्राक्षं थंडीत वाढवतात, पण पिकायच्या वेळी ऊन चढत असतं. साखर वाढताना पाहून बरं वाटायचं आणि त्याच वेळी आम्लता खाली घसरायची. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारं जे मॅलिक आम्ल, ते उष्णतेत वेल स्वतःच खर्च करून टाकते. शुक्रवारी 'अजून दोन दिवस' म्हणून थांबलं तर सोमवारी रस गोड पण बसका लागायचा. ॲडलेड हिल्समध्ये माउंट लॉफ्टी सातशे मीटरच्या वर आहे आणि बागा त्या रांगेच्या उतारांवर. रात्री गार, पिकणं सावकाश. वास तयार व्हायला वेळ मिळतो आणि आम्लता टिकून राहते. तुम्ही लिहिलेलं ते 'तोंडाला पाणी सुटत राहणं' तिथून येतं, आणि ते कोणत्याही कंपनीच्या खरेदीखताने बदलत नाही, जोपर्यंत तोड वेळेवर होते आणि रस त्याच बागेचा येतो.

आता तुमच्याच शब्दांवरून बघू. लिंबू आणि लांबणारा शेवट हा मुख्यतः बागेचा आणि हवेचा भाग. भाजलेला काजू हा बॅरलचा आणि गाळाचा. आंबवून झाल्यावर यीस्ट तळाशी बसतं, त्या गाळावर वाइन काही महिने ठेवली की तिला तो दाणेदार, सायीसारखा भरीवपणा येतो. हिरव्या सफरचंदाचं आम्ल दह्या-ताकातल्या आम्लात बदलू द्यायचं की नाही, पूर्ण की अर्धं, हाही तिथलाच निर्णय. आणि काडेपेटीची काडी? ती जवळपास पूर्णपणे माणसाची सही आहे. रस किती गढूळ ठेवून आंबवला, गाळ किती हलवला, हवा किती लागू दिली, यावर तो वास ठरतो. आजकालचे बरेच ऑस्ट्रेलियन वाइनमेकर तो मुद्दाम, हलकासा आणतात. आपल्याकडे कित्येक जण तो दोष समजून बाटली परत करतात. तुम्हाला तो आवडला. म्हणजे तुम्हाला आवडलेल्या चार गोष्टींपैकी दोन बागेच्या आणि दोन सेलरमधल्या माणसांच्या. उद्या बाग राहिली आणि वाइनमेकर गेला, तर लिंबू मिळेल, काडी मिळेलच असं नाही.

मालकी आणि बाग या दोन वेगळ्या गोष्टी कशा असतात याचं उत्तम उदाहरण ॲडलेड हिल्समध्येच आहे. ब्रायन क्रोझर यांनी १९७९ मध्ये पिकॅडिली खोऱ्यात टिअर्स नावाची शार्डोनेची बाग लावली. तिची द्राक्षं त्यांच्या पेटालुमा कंपनीत जायची आणि टिअर्स शार्डोने पेटालुमाच्या लेबलाखाली प्रसिद्ध झाली. २००१ मध्ये लायन नेथन या मद्य कंपनीने पेटालुमा ताब्यात घेतली. पण बाग क्रोझर कुटुंबाची राहिली. आज त्या बागेची वाइन शोधायची तर टापानाप्पा या त्यांच्या पुढच्या वायनरीच्या लेबलाखाली शोधावी लागते. लेबल एकीकडे गेलं आणि बाग दुसरीकडे. तुमच्या वायनरीच्या बाबतीत हा सगळ्यात पहिला प्रश्न आहे: व्यवहारात जमीन आली का? की बाग पूर्वीपासून शेजारच्या शेतकऱ्याची होती आणि द्राक्षं कराराने येत होती? करार असेल तर तो संपतो कधी?

मोठी कंपनी आली म्हणजे वाइन बिघडलीच, असंही धरून चालू नका. शाब्ली हा बर्गंडीच्या उत्तरेचा थंड भाग, तिथे एकच द्राक्ष, शार्डोने. तिथल्या विल्यम फेव्र यांच्याकडे ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बागांचा मोठा हिस्सा होता आणि ते नव्या ओक लाकडाच्या बॅरलचे कट्टर पुरस्कर्ते. १९९८ मध्ये शँपेनच्या आंरियो घराण्याने ती वायनरी घेतली. दिदिए सेगिए वाइनमेकर म्हणून आले, नवं ओक जवळजवळ थांबलं, वापरून मुरलेली बॅरल आली. त्यातली ले क्लो ही बाग घ्या: तीच उतरण, त्याच वेली. आधी लाकडाचा व्हॅनिला पुढे यायचा, नंतर ओला दगड आणि लिंबाची साल पुढे आली. शाब्लीवर प्रेम करणाऱ्या बहुतेकांना हा बदल आवडला. तिथे मालक बदलल्याने बाग जास्त स्पष्ट ऐकू यायला लागली. ती वायनरी अलीकडे पुन्हा विकली गेली आणि आता बोर्दोच्या लाफीत रॉथशिल्ड घराण्याकडे आहे. तिच्या येणाऱ्या वर्षांच्या बाटल्याही मी याच पद्धतीने तपासणार आहे.

नवा मालक सहसा सर्वात आधी हात कशाला लावतो, तर बॅरलला. नवं फ्रेंच ओकचं बॅरल साधारण हजार युरोच्या घरात जातं. तीनशे बाटल्यांवर वाटलं तर बाटलीमागे तीन युरोहून जास्त, आणि हे द्राक्षं, मजुरी, काच, काहीही धरण्याआधी. हिशेब बघणाऱ्याच्या डोळ्यात हा खर्च लगेच येतो. मग नवं ओक कमी होतं किंवा बॅरलमधले महिने कमी होतात. काही ठिकाणी उलटही होतं: किंमत वाढवायची म्हणून नवं ओक वाढतं, बाटली जड होते, लेबलला सोनेरी कडा येते. या दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते. थंड हवेच्या नाजूक शार्डोनेवर जास्तीचं लाकूड चढलं की पहिल्या वासाला ती 'भारी' वाटते आणि अर्ध्या ग्लासानंतर जेवणावर जड होते. नवी आणि जुनी रिकामी बाटली दोन हातांत धरून वजन करून बघा. काच जड झाली असेल तर पैसे कुठे गेले ते कळतं.

हे सगळं मुलाला तिथे जाऊन विचारता येईल. ॲडलेड शहरातून या टेकड्या अर्ध्या तासावर आहेत. चाखायला देणाऱ्या काउंटरवर शांत दिवशी जावं आणि साधेपणाने विचारावं: जमीन व्यवहारात आली का, २०२३ ची वाइन बनवणारा माणूस कोण आणि तो अजून इथे आहे का, बागेकडे बघणारा तोच आहे का, २०२१ च्या किती बाटल्या भरल्या आणि २०२३ च्या किती, वाइन इथेच भरली की दुसरीकडे नेऊन. तिथले लोक सहसा मोकळेपणाने बोलतात. या सगळ्यांत मला सर्वात जास्त वजन बागेकडे बघणाऱ्या माणसाच्या उत्तराला द्यावंसं वाटतं. वाइनमेकरची मुलाखत छापून येते, पण कोणत्या ओळीला सकाळचं ऊन उशिरा लागतं आणि कोणता कोपरा चार दिवस मागे पिकतो, हे वीस वर्षं छाटणी करणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो गेला की नवा माणूस सगळी बाग एकाच दिवशी तोडतो.

आता एक मोठी अडचण, जी तुमच्या लक्षात आली नसावी. तुम्ही २०२१ आणि २०२३ समोरासमोर ठेवलीत तर फसाल. २०२१ हे दक्षिण ऑस्ट्रेलियात सौम्य, समतोल, फार चांगलं वर्ष होतं. २०२३ थंड, ओलं आणि उशिराचं. २०२३ ची शार्डोने कोणीही बनवली असती तरी २०२१ पेक्षा किडकिडीत, जास्त आंबट लागली असती. तो फरक हवामानाचा आहे आणि तुम्ही तो नव्या मालकाच्या खात्यावर टाकाल. हवामानाचा धक्का किती मोठा असतो याची आठवण त्या भागात ताजी आहे: डिसेंबर २०१९ मध्ये कडली क्रीकच्या आगीत तिथल्या कित्येक बागा होरपळल्या आणि २०२० चं पीक घटलं.

म्हणून मुलाला २०२२ ची बाटली शोधायला सांगा. २०२२ सुद्धा थंडसर वर्ष होतं, आणि तोड ते बॅरल ते निवड, बहुधा सगळं जुन्या हातांनी झालेलं. बहुधा एवढ्यासाठी म्हणते की ती भरली कधी ते बघावं लागेल. २०२३ च्या ऑगस्टच्या आधी भरली असेल तर ती पूर्ण जुन्यांची. २०२२ आणि २०२३ यांची तुलना केलीत तर हवेतला फरक कमी आणि हातांतला जास्त दिसेल.

इथवरचं माझं मत सांगते. सहा बाटल्या २०२३ च्या आंधळेपणाने घेऊ नका. दोन २०२२ च्या आणि दोन २०२३ च्या घ्या. चारच, याला आणखी एक कारण आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे माणशी ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. मुलगा-सून दोघं येणार असतील तर चार होतात, सहासाठी जकात भरावी लागेल. पुढे ही वाइन कोणी आयातदार इथे आणू लागला तर पूर्वीइतकी आवाक्याबाहेर राहणार नाही. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात बाटलीमागे १५ अमेरिकन डॉलरहून महाग वाइनवरची जकात १५० टक्क्यांवरून ७५ वर आली आणि दहा वर्षांत ती २५ पर्यंत उतरायची आहे. त्यावर राज्याचे कर आणि मधल्या सगळ्यांचा वाटा चढतोच, तरी फरक पडतो.

मात्र इथे विकत घेताना बाटलीचा प्रवास विचारा. वाशीच्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, आयातदाराचं नाव देत नाही. मे महिन्यात न्हावा शेवाला शार्डोने उतरली. पैसे वाचवायला शीतकंटेनरऐवजी साधा कंटेनर घेतला होता, वर कागदपत्रं अडकली आणि पेट्या अठरा दिवस उन्हात राहिल्या. गोदामात पहिली पेटी उघडली तेव्हा मी सवयीने बाटलीच्या गळ्यावरची पन्नी बोटांनी फिरवून पाहिली. ती फिरेना. आतून चिकटली होती. पन्नी कापली तर बूच काचेच्या वर दोन मिलिमीटर आलेलं, कडेने वाइन झिरपून सुकलेली. ग्लासात रंग गडद पिवळा आणि वास उकडलेल्या सफरचंदाचा. त्याच कंटेनरमध्ये फिरकीच्या झाकणाच्या बाटल्याही होत्या. बाहेरून अगदी कोऱ्या. झाकण उघडलं तर आत तीच शिजलेली वाइन. बुचाची बाटली निदान तक्रार तरी करते, फिरकीची काहीच सांगत नाही. तुमची बाटली फिरकीची आहे. ॲडलेडला ते झाकण उत्तम वाइनलाही लावतात आणि ते टिकायला चांगलंच आहे, फक्त उष्णता लागल्याची खूण बाहेर दिसत नाही.

यावरून तुमच्या शिल्लक बाटलीकडे येते. ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर असल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. आजच खाली काढा, प्लीज. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये माळ्यावर हात घातला तर डबे गरम लागतात. बेडरूमच्या कपाटातही रात्री एसीचा गारवा आणि दिवसा चाळिशीच्या जवळची बंद हवा, हे रोजचं वर-खाली सतत एकसारख्या तापमानापेक्षा जास्त वाईट. वाइनसाठीचा छोटा फ्रिज नसेल तर बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, दारात नको. फिरकीचं झाकण आहे, त्यामुळे बूच सुकण्याची भीती नाही. चांगल्या तळघरात २०२१ अजून काही वर्षं आरामात गेली असती. माळ्यावर एक उन्हाळा काढला असेल तर वाट बघू नका, या वर्षातच प्या.

ती प्यायची सर्वात चांगली वेळ म्हणजे मुलगा बाकीच्या बाटल्या घेऊन येईल ती. पण एकाच संध्याकाळी सगळं नको. पहिल्या दिवशी २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून, १ आणि २ असे आकडे टाकून, आणि आकडे कोणी टाकले ते तुम्हाला माहीत नको. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, ऑक्टोबर असेल तर दहा पुरे. फ्रिजच्या थेट गारव्यात शार्डोनेचा वास बंद असतो आणि दोन्ही बाटल्या सारख्याच लागतील. ग्लास एकाच आकाराचे घ्या, एक तृतीयांशच भरा. आधी नुसती चाखा, कागदावर दोन ओळी लिहा, मग जेवणाबरोबर घ्या. सगळ्यात जास्त लक्ष गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाकडे द्या, कारण निवड ढिली झाली असेल तर ती तिथेच सापडते. दोन्हींचा शेवट सारखाच लांब असेल आणि फरक फक्त काजू-काडीचा असेल, तर बाग शाबूत आहे आणि हात बदललाय. मग पुढचं वर्ष बघायला हरकत नाही. २०२३ चा शेवटच आखूड असेल तर दुकानांत उरलेल्या २०२२ गोळा करा आणि २०२४ आधी एक बाटली चाखल्याशिवाय घेऊ नका.

२०२१ दुसऱ्या दिवशी, एकटी, तुमच्या त्या भरलेल्या पापलेटाबरोबर. वाटणात ओलं खोबरं आणि कोथिंबीर हवी तेवढी घाला, लिंबूही चालेल, पण हिरवी मिरची नेहमीपेक्षा एक-दोन कमी. तिखटाने ओक कडू लागतं, आणि मग कडवटपणा वाइनचा की मिरचीचा हे ताटावर बसून ठरवता येत नाही.